मुलासाठी जागणारा बाप

१९४१ साली परमपूज्य बाबासाहेब परिषदेसाठी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळ्यास आले. तो दिवस पाहण्यास त्यांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, हयात नव्हते.

परळच्या चाळीत त्यांची एकच खोली. भीमराव लवकर झोपत. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मगच स्वतः आडवे होत. पुस्तकांना पैसे नसले की सासरी दिलेल्या लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. पेन्शन हाती आली की सोडवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेस शिकण्यास गेला.

तुमच्याही घरी एकच खोली असेल. मुलगा वा मुलगी वाचत असेल, तर दिवा त्यांच्याजवळ ठेवा. झोप आपण मोडावी.