अफूचें सत्त्व शोधणारा फ्रीडरिख सेर्ट्यूर्नर

मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया एके काळीं आपल्या तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी चाटवून निजवीत असत, हें आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं ऐकिलें असेल. मूल निजे आणि आई कामावर जाई. कधीं कधीं तें मूल पुन्हां जागें होत नसे. आईच्या मायेंत कांहीं उणें नव्हतें. परंतु गोळींत अफूचा खरा अंश किती, हें ती विकणारासही ठाऊक नसे. तो अंश ज्यानें प्रथम वेगळा करून दाखविला, त्या जर्मन गृहस्थाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

फ्रीडरिख सेर्ट्यूर्नर ह्याचा जन्म १९ जून १७८३ रोजीं पाडरबोर्न शहराजवळील नॉयहाउस गांवीं झाला. तो पंधरा वर्षांचा असतां बाप वारला, आणि १७९९ सालीं त्याला पाडरबोर्न येथील क्रामर नांवाच्या औषधविक्याकडे उमेदवार म्हणून राहावें लागलें. विद्यापीठांत शिकण्याचा योग त्याला आला नाहीं. उखळ, तराजू आणि कांचेचीं भांडीं हींच त्याची शाळा.

त्या काळीं वेदनेवर अफूसारखें दुसरें औषध नव्हतें. पण तिचा भरंवसा नसे. एका शेतांतील अफू कडक, तर दुसऱ्या शेतांतील सौम्य. एकाच वजनाच्या मात्रेनें एका रोग्याची कळ थांबत नसे व दुसऱ्याचा श्वास थांबे. सेर्ट्यूर्नरनें दुकानचें काम सांभाळून अफूचा काढा केला, त्यांत अमोनिया घातला, व खालीं बसलेला सांका पुन्हां पुन्हां धुऊन त्याचे पांढरे स्फटिक मिळविले. ते कुत्र्यास चारतांच कुत्रें गाढ झोंपलें. वनस्पतींचा गुण त्यांतील आम्लांत असावा असें विद्वान् मानीत, आणि हा पदार्थ तर क्षारधर्मी निघाला! १८०५ व १८०६ सालीं त्यानें आपले प्रयोग एका जर्मन मासिकांत छापले. परंतु नुकतीच विशी ओलांडलेल्या ह्या तरुणाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढें तो आइनबेक येथें गेला. तेथें त्यानें आपलें शोधकार्य पुन्हां हातीं घेतलें, आणि आपल्यासह तीन तरुणांवर त्या पदार्थाची परीक्षा केली. त्या तिघांत सतरा वर्षांहून मोठा कोणी नव्हता. प्रत्येकानें अर्धा ग्रेन घेतला. अर्ध्या तासानें आणखी अर्धा. पाव तासानें पुन्हां अर्धा. प्रथम तोंडें लाल झालीं, मग मळमळ सुटली, शेवटीं डोकें जड होऊन घेरी येऊं लागली. तेव्हां भिऊन त्यानें स्वतः कडक व्हिनेगर प्याला, सोबत्यांस पाजला, आणि वांत्या होऊन सर्व वांचले. मुलांच्या जिवाशीं असा खेळ करावयास आज कोणीहि परवानगी देणार नाहीं, आणि आम्हांसही तो मुळींच प्रशंसनीय वाटत नाहीं. तथापि ज्या मात्रेचा धोका त्यानें इतरांस घातला, तीच त्यानें स्वतःही घेतली, हें नमूद केलें पाहिजे.

हा वृत्तांत १८१७ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रीक लोकांच्या स्वप्नदेवावरून त्यानें ह्या पदार्थास मॉर्फियम हें नांव दिलें. पॅरिसच्या गे-ल्यूसाक ह्या रसायनवेत्त्यानें त्याचें महत्त्व ओळखिलें व लेखाचें फ्रेंच भाषांतर करविलें. त्याच वर्षीं येना विद्यापीठानें त्याला डॉक्टरची पदवी दिली. शोध आमचाच असें कांहीं फ्रेंच लोक म्हणत होते, तरी १८३१ सालीं फ्रान्सच्याच विद्वत्संस्थेनें त्याला २००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें.

१८२० पासून तो हामेलनमध्यें औषधांचें दुकान चालवीत होता. बांसरीवाला मुलांना घेऊन गेला म्हणून गोष्टींत सांगतात, तेंच हें गांव. तेथेंच २० फेब्रुवारी १८४१ रोजीं तो वारला. त्याला पुरलें मात्र आइनबेक येथें.

त्याच्या मागून १८५३ सालीं त्वचेखालीं टोंचावयाची सुई प्रचारांत आली. मॉर्फीन रक्तांत झपाट्यानें जाऊं लागलें, वेदना क्षणांत थांबूं लागल्या, आणि सहस्रावधि लोक त्या सुईचे दास झाले. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा १९७३ नंतर होऊं लागला. त्या वर्षीं मेंदूंत ह्या द्रव्यास चिकटण्याच्या जागा सांपडल्या; दोन वर्षांनीं शरीर स्वतःच तत्सम द्रव्यें बनवितें असें दिसून आलें. बाहेरून रोज पुरवठा झाला म्हणजे मेंदू त्याच्या आधारानें राहूं लागतो, आणि तो तुटतांच सर्व शरीर तळमळतें.

ही तळमळ आईच्या उदरांतील बालकासही सुटत नाहीं. व्यसनी मातेचें मूल जन्मल्यावर एकदोन दिवसांत थरथरूं लागतें, किंचाळतें, त्याला दूध नीट ओढतां येत नाहीं. अशा मुलास प्रथम दुपट्यांत गुंडाळून, उजेड व गलबला टाळून, मातेजवळ ठेवितात. तेवढ्यानें भागलें नाहीं तर परिचारिका पातळ केलेल्या मॉर्फिनचे मोजलेले थेंब त्याच्या जिभेवर सोडतात, आणि मूल शांत होत जाईल तसतसे ते थेंब कमी करीत नेतात.