आजचं मनन: केसांतल्या पेंढ्याच्या काड्या

आजचा पाठ लेवीय 19:18. शेजाऱ्यावर स्वतःसारखी माया करावी, असं सांगणारं छोटं वचन. रब्बी अकिवा याला तोराचं मोठं सूत्र मानत. आज थोडं त्यांच्याविषयी.

अकिवा श्रीमंत काल्बा सावुआच्या मेंढ्या राखायचे. चाळिशीपर्यंत अक्षरओळखही नव्हती. मालकाच्या मुलीने, राहेलने, त्यांचा सालसपणा हेरला. शिकायला जाणार असाल तर लग्न करते, असं तिने सांगितलं. बापाने तिला घराबाहेर काढलं.

हिवाळ्यात दोघं पेंढ्यावर झोपायची. अकिवा तिच्या केसांतल्या काड्या वेचायचे आणि ऐपत असती तर सोन्याच्या जेरुसलेमचा दागिना घातला असता, असं म्हणायचे. एकदा एलियाहू हन्नाबी, ज्यांची आठवण आपण मलिद्याला काढतो, माणसाच्या रूपात दारात आले. बायको बाळंत झालीय, अंथरायला पेंढा द्या, म्हणाले. बघ, याच्याकडे पेंढाही नाही, असं अकिवा राहेलला म्हणाले. इतक्या हलाखीतही त्यांना दारातला माणूस दिसला.

तालमूद सांगतो की अकिवा 12 वर्षं शिकून परतले. राहेल आणखी 12 वर्षं थांबायला तयार आहे, हे बाहेरूनच कानावर पडलं आणि ते तसेच मागे फिरले. शेवटी आले ते 24,000 शिष्यांसह. जुन्या कपड्यांतली राहेल पुढे आली, तर शिष्य तिला ढकलू लागले. अकिवांनी त्यांना थांबवलं. माझं नि तुमचं सगळं ज्ञान हिचंच आहे, असं सर्वांसमोर सांगितलं. पुढे तो दागिनाही केला. गीतरत्नाच्या पावित्र्यावर वाद निघाला, तेव्हा प्रेमाचं हे गीत सर्वांत पवित्र आहे, असं ठामपणे म्हणणारे हेच अकिवा.

पण मनाला टोचतं ते पुढचं. त्यांचे हजारो शिष्य पेसाह ते शाबुओथच्या दिवसांत मरण पावले, कारण त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. ओमेरच्या दिवसांत लग्नं लावत नाहीत, ती याच शोकामुळे. अभ्यास झाला होता, माया राहून गेली.

अकिवांना रोमनांनी हालहाल करून मारलं. शेवटच्या श्वासालाही ओठांवर शेमा होता.

आज एवढंच करूया: घरातल्या माणसाचे उपकार चारचौघांत बोलून दाखवूया, आणि दारात आलेल्याकडे नीट बघूया. आमेन.