घोणसला ज्यांचं नाव मिळालं, ते डॉक्टर पॅट्रिक रसेल कोण होते?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत उसाच्या, टोमॅटोच्या किंवा भाताच्या शेतात काम करणाऱ्यांना घोणस माहीत नाही, असं होत नाही. अंगावर साखळीसारखे गडद तपकिरी ठिपके आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. इंग्रजीत या सापाला 'रसेल्स व्हायपर' म्हणतात. यातले रसेल म्हणजे १८व्या शतकातले एक स्कॉटिश डॉक्टर.

एडिंबराहून अलेप्पोला

पॅट्रिक रसेल यांचा जन्म १७२७ साली एडिंबरामध्ये झाला. त्यांचे मोठे भाऊ अलेक्झांडर हे आजच्या सीरियातल्या अलेप्पो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीचे डॉक्टर होते. पॅट्रिकही तिथे गेले आणि १७५३ पासून भावाची जागा त्यांनी सांभाळली. १७६०च्या सुमारास अलेप्पोत प्लेगची मोठी साथ आली. त्या अनुभवावर त्यांनी पुढे १७९१ मध्ये प्लेगवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

अलेप्पोत त्यांची एक सवय दिसते. स्थानिक लोकांना जे माहीत आहे ते ऐकायचं, तपासायचं आणि लिहून ठेवायचं. देवीची लस येण्याच्या कितीतरी आधी अरब लोक देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचत असत. या प्रथेची माहिती रसेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली आणि ती १७६८ मध्ये छापून आली. १७७७ मध्ये ते त्याच सोसायटीचे सदस्य झाले.

विशाखापट्टणममध्ये साप का गोळा केले?

१७८१ मध्ये त्यांचे भाऊ क्लॉड यांची विशाखापट्टणमला नेमणूक झाली आणि पॅट्रिक त्यांच्यासोबत भारतात आले. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रसेल यांना कर्नाटक प्रांताचे निसर्ग अभ्यासक म्हणून नेमलं. (त्या काळी इंग्रज 'कर्नाटक' म्हणत तो आजच्या तमिळनाडू-आंध्रचा पूर्व किनारा, म्हणजेच कोरोमंडल.)

काम मुख्यतः वनस्पतींचं होतं. पण सर्पदंशाने माणसं मरत होती आणि कुठला साप विषारी, कुठला बिनविषारी हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सापाचे दात न तपासता, केवळ बाहेरून बघून विषारी साप ओळखता येईल का, हा प्रश्न रसेल यांनी हाती घेतला.

त्यांनी साप जमवले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकाचं स्थानिक नाव नोंदवलं. कोंबड्या आणि कुत्र्यांना साप चाववून लक्षणं काय दिसतात, हेही टिपलं. आज हे प्रयोग क्रूर वाटतील, पण तेव्हा विषाची तुलना करण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. तेलुगू लोक ज्याला 'काटुक रेकुल पोडा' म्हणत, तो साप नागाच्या खालोखाल जीवघेणा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तीच आपली घोणस.

सर्पदंशावरच्या औषधांचे दावेही त्यांनी तपासले. तेव्हा तंजावरची एक गोळी फार लोकप्रिय होती. तिच्यात चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक असल्याचं त्यांना आढळलं.

१७८९ मध्ये ते इंग्लंडला परतले. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचं त्यांचं सचित्र पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने घोणसच्या शास्त्रीय नावात रसेल यांचं नाव घातलं. २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये रसेल यांचं निधन झालं. सर्पदंशावर खात्रीचा उपाय त्यांच्या हयातीत सापडला नाही.

घोणसचं विष रक्ताचं काय करतं?

रसेल यांना लक्षणं दिसत होती, पण कारण कळणं शक्य नव्हतं. प्रथिनं म्हणजे काय, हेच तेव्हा विज्ञानाला माहीत नव्हतं.

आपल्याला जखम झाली की रक्तातले गोठवणारे घटक साखळीने एकामागून एक जागे होतात आणि गुठळी बनते. घोणसच्या विषातली काही प्रथिनं या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट चालू करतात. जखम नसतानाही रक्तात बारीक गुठळ्या होऊ लागतात. त्यात गुठळीचा कच्चा माल, म्हणजे फायब्रिनोजेन, संपून जातो. मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

हे कोडं उलगडण्यात मुंबईचाही वाटा आहे. २०व्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज लॅम्ब या लष्करी डॉक्टरने परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नाग आणि घोणस यांच्या विषाचा रक्तावर होणारा परिणाम अभ्यासला. १९३४ मध्ये लंडनच्या मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी तर हेच विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर लावलं आणि रक्तस्राव थांबवला. रक्त गोठण्याच्या काही विकारांच्या तपासणीत हे विष आजही वापरलं जातं.

जुन्नरशी संबंध काय?

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा घोणसचा आहे. आज यावर प्रतिविष उपलब्ध आहे आणि ते बनवणारी एक कंपनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावमध्ये आहे. घोड्यांना विषाचे अगदी थोडे डोस टोचले जातात आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून हे औषध बनतं. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं. त्यामुळे उपचारासाठी साप पकडून दवाखान्यात आणायची गरज नसते.

रक्तावर विषाचा परिणाम झाला का, हे गावातल्या दवाखान्यातही कळू शकतं. रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते पातळच राहिलं, तर विष रक्तात भिनलं आहे.

एक अडचण मात्र उरते. भारतात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, म्हणजे रसेल यांनी अभ्यासलेल्या त्याच कोरोमंडल किनाऱ्यावरून. घोणसच्या विषातली प्रथिनं मात्र प्रदेशानुसार बदलतात. त्यामुळे तिथल्या विषापासून बनलेलं औषध प्रत्येक प्रदेशात सारखंच प्रभावी ठरेल असं नाही. म्हणूनच त्या त्या भागातल्या सापांचं विष अभ्यासावं, अशी मागणी संशोधक करत आहेत.

कुठला साप किती घातक, हे रसेल यांनी एका किनाऱ्यापुरतं शोधलं होतं. तेच काम आता प्रत्येक प्रदेशातल्या विषासाठी करावं लागणार आहे. तोवर शेतात बूट, हातात बॅटरी आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना, हाच मार्ग आहे.