४२.३४ मीटरवरचा आवाज

आणीबाणीच्या दिवसांत फैजपूरच्या आमच्या घरी रात्री रेडिओ बारीक आवाजात लागे, असे आजोबा सांगत. आकाशवाणीच्या बातम्या आटोपल्या की काटा शॉर्टवेव्हवर सरके आणि बी.बी.सी.ची हिंदी सेवा सुरू होई. आपल्याच देशाची बातमी परक्यांकडून ऐकावी लागते, याची खंत त्यांना वाटे. हाच पेच १९४२ साली एका तरुणीने स्वतःच्या पद्धतीने सोडविला होता. तिचे नाव उषा मेहता.

उषाबेनांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीतील न्यायाधीश. तरी आठव्या वर्षीच ही मुलगी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत सामील झाली. पुढे कुटुंब मुंबईस आले. १९३९ साली विल्सन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. वृत्तपत्रांवर बंधने आली. सरकारी रेडिओ सरकारचीच बाजू सांगे. जर्मनीहून सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओ आणि लंडनहून बी.बी.सी. ऐकू येई, पण त्या दोन्ही ठिकाणांमागे लढणारी सरकारे उभी होती. तेव्हा बावीस वर्षांच्या उषाबेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. ४२.३४ मीटरवर तो लागे. पोलिसांना चकविण्यासाठी जागा वारंवार बदलावी लागे. राममनोहर लोहियांचा त्यास मोठा आधार होता. विदर्भातील आष्टी-चिमूरची हकिकत या रेडिओने लोकांपर्यंत पोहोचविली. चिमूरच्या अत्याचारांविषयी छापण्यास पुढे सरकारने वृत्तपत्रांना मनाई केली.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी कार्यक्रम चालू असतानाच पोलिसांनी धाड घातली. अनेक महिने चौकशी झाली, पण उषाबेनांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ साली त्या येरवड्याहून सुटल्या. पुढे गांधीविचारांवर पीएच.डी. करून त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, काँग्रेस रेडिओ निःपक्षपाती होता काय? नव्हता. पक्षाचे नाव त्याच्या नावातच होते. पण त्याने ते लपविले नाही, आणि दडपलेली बातमी जिवावर उदार होऊन सांगितली. पक्षपात पुष्कळदा बोललेल्या शब्दात नसून गाळलेल्या बातमीत असतो, हे मला या चरित्रातून उमगले.

बी.बी.सी. हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. आजोबांचा रेडिओ आता फडताळात आहे आणि बातम्या आपल्या खिशातल्या मोबाइलवर येतात. कोणतेही केंद्र लावले, तरी आज यांनी काय सांगितले नाही, एवढा प्रश्न आपण विचारू लागलो, तर उषाबेनांचा तुरुंगवास वाया गेला नाही, असे म्हणता येईल.