जयचामराज वडियार आणि युरोपचे मावळते संगीत

युरोपच्या अभिजात संगीताची वाढ दीर्घकाळ राजाश्रयाने झाली. हायडनने एस्तरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी जवळजवळ तीस वर्षे काढली. एकोणिसाव्या शतकात ही परंपरा क्षीण होत गेली आणि रचनाकार प्रकाशकांवर व तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर अवलंबून राहू लागला. या परंपरेचे एक उत्तरकालीन प्रकरण मात्र विसाव्या शतकात, आणि तेही म्हैसूर येथून लिहिले गेले.

जयचामराज वडियार यांचा जन्म १८ जुलै १९१९ रोजी झाला. म्हैसूर दरबारात कर्नाटक संगीताबरोबर पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंदही नांदत होता. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे हिंदुस्थानी गायकही तेथे सन्मान पावत. अशा वातावरणात वाढलेल्या या राजपुत्राला पियानोवादक व्हावयाचे होते. रखमानिनॉव्ह यांच्याकडे शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु १९४० साली काही महिन्यांच्या अंतराने वडील व चुलते महाराज कृष्णराज निवर्तले, आणि त्याच वर्षी २१ वर्षांच्या जयचामराजांना सिंहासनावर बसावे लागले. वादकाचे जीवन तेथेच संपले.

संगीताचा ध्यास मात्र संपला नाही. निकोलाय मेटनर हे रशिया सोडून लंडनमध्ये राहिलेले वृद्ध रचनाकार होते. शोएनबर्गप्रभृतींनी आधारस्वराचे बंधन झुगारल्यानंतरही ते जुन्या स्वरव्यवस्थेशी एकनिष्ठ राहिले व त्यामुळे उपेक्षित झाले. महाराजांच्या अर्थसाहाय्याने १९४७ पासून मेटनर यांच्या रचना, बव्हंशी त्यांच्याच वादनासह, ध्वनिमुद्रित झाल्या. कृतज्ञतेने मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कन्सर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये ते वारले. त्यांचे वादन टिकले ते या ध्वनिमुद्रिकांमुळे.

वॉल्टर लेग यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदालाही महाराजांनी मोठे साहाय्य केले. रिखार्ट श्ट्राउस यांनी १९४८ मध्ये रचलेली चार अखेरची गीते रचनाकाराच्या मृत्यूनंतर, २२ मे १९५० रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम सादर झाली. गायिका कर्स्टन फ्लागस्टाड, संचालक फुर्टवेंगलर आणि वाद्यवृंद फिलहार्मोनियाचा. या प्रयोगासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली होती, आणि त्याचे ध्वनिमुद्रण त्यांच्या संग्रहासाठी करण्यात आले. मृत्यूच्या शांत स्वीकाराची ही गीते म्हणजे युरोपच्या स्वच्छंदतावादी संगीताची जणू सांजवेळच होय. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला होता आणि म्हैसूरचा राजा राजप्रमुख या घटनात्मक पदावर आला होता. मावळत्या संगीताला आधार देणारी सत्ता स्वतःच मावळत होती.

या काळात त्यांची सर्जनशीलता स्वदेशी परंपरेकडे वळली. वीणावादन त्यांनी व्यंकटगिरिअप्पा यांच्याकडे आणि कर्नाटक संगीतातील रचनाशास्त्र वासुदेवाचार्यांकडे आत्मसात केले. श्रीविद्या ही मुद्रा धारण करणाऱ्या त्यांच्या ९४ संस्कृत कृती प्रसिद्ध आहेत. पियानोच्या बाबतीत त्यांना आश्रयदाता होऊनच समाधान मानावे लागले. रचनाकार म्हणून ते ओळखले गेले ते या कृतींमुळे.

पुढे ते म्हैसूरचे व नंतर मद्रासचे राज्यपाल झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. २३ सप्टेंबर १९७४ रोजी बंगळूरच्या राजवाड्यात त्यांचे निधन झाले. युरोपीय संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या तळटीपेपुरता येतो; पण मेटनर यांच्या ध्वनिमुद्रिका आणि श्ट्राउस यांच्या गीतांचा तो पहिला प्रयोग पाहता ही नोंद अपुरी ठरते.