आचार्य जगदीशचंद्र बसू

बिनतारी विद्येचा विषय निघाला कीं आमचे विद्यार्थी मार्कोनीचें नांव घेतात. तें योग्यच आहे. परंतु त्याच काळीं कलकत्त्याच्या एका कॉलेजांतहि या अदृश्य लहरींचें संशोधन चाललें होतें, हें त्यांना ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजीं पूर्व बंगालमध्यें झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरी त्यांनीं मुलाला प्रथम इंग्रजी शाळेंत न घालतां बंगाली शाळेंत घातलें. तेथें कोळ्याचा मुलगा शेजारीं बसे. त्याच्याकडून ऐकलेल्या जलचरांच्या गोष्टींनीं या बालकाला सृष्टीचें वेड लागलें. (पालकांनीं येथें क्षणभर थांबावें.) पुढें सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफों यांनीं पदार्थविज्ञानाची गोडी लावली.

केंब्रिजचें शिक्षण संपवून 1885 सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. तेथें हिंदी प्राध्यापकास युरोपियनाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जागा हंगामी म्हणून बसूंना त्याच्याहि निम्मेंच देऊं केलें. घरीं वडिलांचें कर्ज होतें. तरीहि त्यांनीं शिकविणें चालू ठेवलें आणि तीन वर्षें वेतनास हात लावला नाहीं. अखेर सरकारनें पूर्ण वेतन मागील बाकीसह दिलें.

जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ यानें 1888 सालीं विद्युल्लहरींचें अस्तित्व सिद्ध केलें होतें; पण त्याच्या लहरी लांब, म्हणून उपकरणें अवजड. बसूंनीं 1894 पासून एका लहानशा खोलींत, पत्र्याचें काम करणाऱ्या देशी कारागिराच्या मदतीनें, अवघ्या 5 मिलिमीटरांच्या लहरी निर्माण केल्या. त्यामुळें प्रकाशाचे नियम या लहरींसहि लागू पडतात हें मेजावर पडताळतां आलें. एका प्रयोगांत तर रेल्वेच्या जाड वेळापत्रकाच्या पानांत धातूचा वर्ख घालून त्यांनीं त्याचेंच उपकरण केलें! 1895 सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें भिंतीपलीकडील घंटा त्यांनीं तारेवांचून वाजविली.

मार्कोनीनें डिसेंबर 1901 मध्यें अटलांटिकपलीकडचा संदेश ज्या साधनानें टिपला, त्याच जातीचें पारा व लोखंड यांचें साधन बसूंनीं 1899 सालींच रॉयल सोसायटीपुढें मांडलें होतें, असें अलीकडील संशोधकांनीं दाखविलें आहे. पेटंट घेण्यास बसू नाखूष होते. भगिनी निवेदिता व सारा बुल यांच्या आग्रहानें 1901 सालीं अमेरिकेंत एक अर्ज गेला आणि 1904 सालीं पेटंट मिळालें. त्यांनीं मात्र त्याचा पैसा केला नाहीं.

हें शहाणपणाचें झालें काय? दरिद्री देशांतील प्रयोगशाळांना तो पैसा उपयोगीं पडला असता, हें आम्हांसहि नाकारतां येत नाहीं. पण हक्काचें वेतन पुरतें मिळाल्याखेरीज न घेणारा हा मनुष्य पैशाची किंमत न जाणणारा खचितच नव्हता. 30 नोव्हेंबर 1917 रोजीं स्थापिलेल्या आपल्या संशोधनमंदिरांतहि त्यांनीं पेटंट न घेण्याचाच नियम ठेवला.

23 नोव्हेंबर 1937 रोजीं गिरिडीह येथें ते निवर्तले. 2022 सालीं भारत सरकारनें मोबाइल सेवेसाठीं ज्या लहरींच्या पट्ट्यांचा लिलाव केला, त्यांतील एकाच्या लहरी सुमारें 11 मिलिमीटरांच्या होत्या.