कर्मवीर भाऊराव पाटील : रूढी आणि विचार

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. अहिंसेचे संस्कार त्यांना घरातच लाभले. त्यासोबत सोवळेओवळेही आले.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते उपस्थित राहिले. परतल्यावर, स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी स्नान नाकारले. बोर्डिंग सोडावे लागले. हे आपल्याच वास्तूत घडले, ते झाकून ठेवू नये. प्रत्येक जीवात आत्मा आहे आणि श्रेष्ठत्व कर्मावर ठरते, असे आपले तत्त्वज्ञान मानते. विज्ञानालाही स्पर्शाचा विटाळ कुठे आढळलेला नाही. उरली ती केवळ रूढी, आणि तिचाच पगडा सर्वांत घट्ट होता.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकताना ते खेडोपाडी हिंडले. विक्रेत्याला गिऱ्हाइकाचे घर आतून दिसते, हे आम्ही व्यापारी जाणतो. त्यांना तेथे निरक्षरता दिसली. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

मला मात्र अधिक नवल वाटते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे. जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या या माउलीने त्या मुलांना पोटाशी धरले आणि वसतिगृहात धान्य सरले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.